कोशामागचा शिक्षक : ए. एस. हॉर्नबी यांच्या जीवनकार्याची प्रस्तावना

अल्बर्ट सिडनी हॉर्नबी (१८९८–१९७८) हे नाव मराठी वाचकाने पाहिलेले असते ते बहुधा एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशाच्या मुखपृष्ठावर, आणि तिथेच ही ओळख संपते. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत आणि शिक्षकांच्या घरी दिसणारा ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हा कोश ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला, त्यांतील फारच थोड्यांना हे ठाऊक असेल की त्याचा जन्म ऑक्सफर्डला झालेला नाही, तो जपानात झाला; तो एखाद्या विद्यापीठातील व्युत्पत्तिपंडिताने रचलेला नाही, परक्या देशात वर्गावर उभे राहून विद्यार्थ्यांच्या चुका तपासणाऱ्या एका शिक्षकाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तो घडवला. हॉर्नबी यांचे स्मरण कोशकार म्हणून करण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण कोशनिर्मिती हे त्यांच्या शिकवण्याचेच एक रूप होते, आणि त्यांच्या कोशातील प्रत्येक नवी सोय ही वर्गातील एखाद्या जुन्या अडचणीला दिलेले उत्तर आहे. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले तरच त्यातील पुढच्या घटनांचा परस्परसंबंध नीट लागतो.

परभाषा शिकणाऱ्यासाठी कोश करणे ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटण्याचे कारण नाही. मोल्सवर्थ यांचा १८३१ साली प्रसिद्ध झालेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा निघालेला मराठी–इंग्रजी कोश, तसेच कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी–मराठी कोश, हे दोन्ही परभाषक राज्यकर्त्यांच्या गरजेतून उभे राहिले आणि पुढे मराठी भाषेचेच ठेवे ठरले. मात्र हे कोश द्विभाषिक आहेत, म्हणजे एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेतील प्रतिशब्द देणारे आहेत. इंग्रजीतील शब्दाचा अर्थ इंग्रजीतच सांगणारे, म्हणजे एकभाषिक कोशही इंग्लंडमध्ये केव्हापासूनच होते, डॉ. जॉन्सन यांचा कोश १७५५ सालचा आहे आणि ऑक्सफर्डच्या बृहद्‌कोशाचे मूळ काम १९२८ साली पूर्ण झाले. पण हे सर्व कोश इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा वाचकासाठी होते. त्या वाचकाला एखाद्या दुर्मीळ शब्दाचा अर्थ अडतो, जुन्या ग्रंथातील प्रयोग अडतो, शब्दाचे मूळ जाणून घ्यावेसे वाटते. परंतु ‘गो’, ‘गेट’, ‘पुट’ यांसारख्या रोजच्या शब्दांशी त्याचे कधी अडत नाही. परभाषक विद्यार्थ्याचे नेमके उलट असते. अवघड शब्दाचा अर्थ त्याला कुठेतरी सापडतो, आणि सोप्या शब्दापाशी तो अडखळतो, कारण त्याचा प्रश्न ‘या शब्दाचा अर्थ काय’ इथे संपत नाही. ‘हा शब्द वाक्यात कसा वापरू’ हा त्याचा खरा प्रश्न असतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘लावणे’ या क्रियापदाचा अर्थ सांगितला म्हणून दिवा लावणे, कुकर लावणे, लग्न लावणे आणि नाट लावणे यांतील काहीच त्याच्या हाती येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या कोशाला या प्रस्तावनेत ‘विद्यार्थिकोश’ म्हटले आहे.

हॉर्नबी यांचा जन्म इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजीचे शिक्षण घेतल्यावर १९२४ साली ते जपानला गेले आणि क्यूशू बेटावरील ओइता या गावच्या वाणिज्य महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांची नेमणूक इंग्रजी साहित्य शिकवण्यासाठी होती. तेथे पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आले की विद्यार्थ्यांना साहित्याआधी भाषेचीच गरज आहे. आणि ही गरज ओळखून त्यांनी आपल्या कामाची दिशा बदलली. आजच्या वाचकाला ही गोष्ट साधी वाटेल, पण ज्या काळात शेक्सपिअर आणि मिल्टन यांवरील व्याख्यानांना प्रतिष्ठा होती आणि भाषेचे प्राथमिक शिक्षण हे दुय्यम काम समजले जाई, त्या काळात एका तरुण पदवीधराने आपण होऊन ते दुय्यम काम पत्करले, यातच त्यांच्या शिक्षकपणाची पहिली खूण दिसते.

जपानातील तत्कालीन इंग्रजी शिक्षणाची स्थिती समजून घेतल्याशिवाय या निर्णयाचे मोल कळणार नाही. मेइजी राजवटीपासून जपानने पाश्चात्त्य ज्ञान मिळवण्यासाठी इंग्रजीचा अवलंब केला होता, परंतु तेथील रूढ पद्धत ‘याकुदोकु’ या नावाने ओळखली जात असे. या पद्धतीत इंग्रजी वाक्यातील शब्दांना एकेक जपानी प्रतिशब्द द्यायचा, ते शब्द जपानी क्रमाने मागेपुढे लावायचे आणि त्यातून वाक्याचा अर्थ काढायचा. अभिजात चिनी ग्रंथ वाचण्याची जपानी पंडितांची शतकानुशतकांची रीत इंग्रजीला लावली गेल्यामुळे विद्यार्थी कठीण ग्रंथ उकलू शकत, पण साधे वाक्य बोलताना वा लिहिताना गोंधळत. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना या स्थितीचे वर्णन परके वाटू नये. मराठी वाक्य घेऊन त्याचे इंग्रजी करणे आणि इंग्रजी घेऊन त्याचे मराठी करणे हाच तिथेही अभ्यासाचा कणा होता. त्या पाठमालेने व्याकरणाची बैठक पक्की केली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. पण मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याला इंग्रजी कपडे चढवण्याची सवयही तिने लावली.

ही स्थिती पालटण्यासाठी जपानने हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञाला १९२२ साली बोलावून घेतले. पामर यांनी आधी बेल्जियममध्ये इंग्रजी शिकवले होते आणि पहिल्या महायुद्धामुळे तेथून परतल्यावर लंडनमध्ये अध्यापन केले होते. टोकियोत १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली; जपानी शिक्षकच तिचा आधार होते. दूरच्या ओइता गावातून हॉर्नबी यांनी या संस्थेच्या कामात रस घेतला, पामर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाढला, आणि १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते टोकियोला येऊन त्यांचे निकटचे सहकारी झाले. या गुरुशिष्यांच्या जोडीतील विचारांचा उगम पुष्कळदा पामर यांच्याकडे सापडतो, परंतु त्या विचारांना शेवटपर्यंत नेऊन सामान्य विद्यार्थ्याच्या हाती देण्याची चिकाटी हॉर्नबी यांची होती, असा निष्कर्ष या दोघांच्या कामावरून निघतो. पामर १९३६ साली मायदेशी परतले आणि संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन हॉर्नबी यांच्याकडे आले.

पामर आणि हॉर्नबी यांनी हाती घेतलेला पहिला मोठा विषय म्हणजे शब्दसाहचर्य. भाषेत काही शब्द ठरावीक शब्दांच्याच सोबत येतात आणि त्यांची जोडी अर्थावरून ताडता येत नाही, या घटनेला ही संज्ञा आहे. मराठीत शपथ ‘घेतात’, नवस ‘बोलतात’, पैज ‘मारतात’ किंवा ‘लावतात’. यांतील क्रियापदे एकमेकांच्या जागी घातली तर व्याकरण बिघडत नाही, पण मराठी बिघडते. इंग्रजीतील अशा जोड्यांची आणि वाक्यखंडांची वर्गवारी करणारा संस्थेचा अहवाल १९३३ साली निघाला व त्यात हॉर्नबी यांचा मोठा वाटा होता. भाषा म्हणजे सुट्या शब्दांची रास नसून तयार जुळणीचा साठा आहे, ही गोष्ट पुढे संगणकाच्या साहाय्याने प्रचंड भाषासंचय तपासणाऱ्या संशोधकांनी ठळकपणे मांडली. ती टोकियोतील या शिक्षकांनी हाताने टिपणे काढत कितीतरी आधी ओळखली होती.

दुसरा आणि हॉर्नबी यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला विषय म्हणजे क्रियापदांच्या रचना. प्रत्येक क्रियापद आपल्यामागे कोणते शब्द, कोणत्या क्रमाने येऊ देते याचे ठरावीक आराखडे असतात, आणि विद्यार्थ्याने क्रियापदाचा अर्थ पाठ केला तरी त्याचा आराखडा त्याला माहीत नसेल तर वाक्य चुकते. मराठी विद्यार्थ्याच्या चुकांवरून हे चांगले समजते. ‘त्याने मला गणित शिकवले’ याचे इंग्रजी ‘ही टॉट मी मॅथेमॅटिक्स’ असे बरोबर होते, म्हणून ‘त्याने मला गणित समजावून सांगितले’ याचे इंग्रजी विद्यार्थी ‘ही एक्सप्लेन्ड मी मॅथेमॅटिक्स’ असे करतो, आणि ते चुकते, कारण ‘टीच’ या क्रियापदाला जो आराखडा चालतो तो ‘एक्सप्लेन’ला चालत नाही, तेथे ‘मी’च्या आधी ‘टू’ हवा असतो. ‘त्याने मला जाण्याचा सल्ला दिला’ या अर्थी ‘ॲडव्हाइज’ वापरून केलेले ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू गो’ हे वाक्य निर्दोष आहे; तेच ‘सजेस्ट’ वापरून करताच दोष शिरतो. ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ येणे ही तर मराठी माणसाच्या इंग्रजीची जुनी खूणच आहे, कारण मराठीत चर्चा ‘विषयावर’ किंवा ‘विषयाबद्दल’ होते. या चुका अज्ञानाच्या नसतात. मातृभाषेच्या तर्काने केलेल्या असतात, आणि म्हणूनच केवळ लाल शाईने त्या जात नाहीत. व्याकरणाची पुस्तके त्यांविषयी फारसे बोलत नाहीत, कारण त्या कोणत्याही एका नियमात बसत नाहीत. जुने कोश बोलत नाहीत, कारण त्यांना अर्थाशी कर्तव्य असते. हॉर्नबी यांनी इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस आराखडे निश्चित केले, त्यांना क्रमांक दिले आणि कोशात क्रियापदाच्या नोंदीपुढे ते क्रमांक छापले, म्हणजे विद्यार्थ्याला अर्थाबरोबर त्या शब्दाचा वापरही एकाच ठिकाणी मिळावा.

नामांच्या बाबतीतही त्यांनी अशीच सोय केली. इंग्रजीत काही नामे मोजता येतात व त्यांचे अनेकवचन होते, काहींचे होत नाही. आणि ही विभागणी वस्तूच्या स्वरूपावरून नव्हे तर भाषेच्या रूढीवरून ठरते. मराठीत ‘सल्ले’ देता येतात, ‘पुरावे’ मांडता येतात, ‘केस’ विंचरता येतात. इंग्रजीतील ‘ॲडव्हाइस’ आणि ‘एव्हिडन्स’ यांना एरवी अनेकवचन नाही, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’ एकवचनीच राहतात. कोशातील नामापुढे गणनीय किंवा अगणनीय असल्याची एका अक्षराची खूण करणे ही वरवर पाहता किरकोळ गोष्ट आहे. पण एखाद्या शिक्षकाने वर्षानुवर्षे वह्यांमध्ये तीच तीच चूक पाहिल्यावाचून ती सुचण्यासारखी नव्हती.

विद्यार्थिकोशाचे प्रत्यक्ष काम सुमारे १९३७ पासून सुरू झाले. हॉर्नबी यांच्यासह एडवर्ड गेटनबी आणि हॅरल्ड वेकफील्ड हे जपानातच शिकवणारे दोन इंग्रज शिक्षक त्यावर राबत होते. हीच वर्षे चीन-जपान युद्धाची आणि ब्रिटन व जपान यांच्यातील वाढत्या वैराची होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून हॉर्नबी यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि १९४२ साली नागरिकांच्या अदलाबदलीत त्यांची मायदेशी पाठवणी झाली. त्याच १९४२ साली टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने ‘इडिओमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी’ या नावाने त्यांचा कोश छापून प्रसिद्ध केला. नावातील दोन विशेषणे वाक्प्रयोग आणि वाक्यरचना यांकडे निर्देश करतात, आणि त्यात कोशाचा सगळा हेतू आला आहे. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरून सार्वजनिक जीवनातून हटवली जात असताना एका जपानी प्रकाशकाने, संपादक स्थानबद्धतेत असताना, संपूर्ण इंग्रजीतील कोश बाजारात आणला, ही घटना या चरित्रातील सर्वांत लक्षणीय मानावी लागेल. त्यात त्या प्रकाशकाचा आणि संस्थेतील जपानी शिक्षकांचा जो विश्वास दिसतो, तो अठरा वर्षांच्या सहवासातून कमावलेला होता. हॉर्नबी यांच्यावरील लेखनात या जपानी सहकाऱ्यांचा उल्लेख ओझरता होतो. तो न्याय्य नाही. हा कोश ‘नवा इंग्रजी–इंग्रजी महाकोश’ अशा अर्थाच्या जपानी नावाने पुढेही तेथे छापला जात राहिला.

यानंतरचा जीवनपट थोडक्यात सांगता येतो. ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत हॉर्नबी युद्धकाळात इराणमध्ये होते; तेहरानमध्ये त्यांनी अध्यापन केले. युद्ध संपल्यावर ते लंडनला आले आणि १९४६ साली त्यांनी ‘इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ हे नियतकालिक सुरू केले, जे आजही चालू आहे. जपानी आवृत्तीची पाने छायाचित्रणाने उतरवून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४८ साली तोच कोश ‘लर्नर्स डिक्शनरी ऑफ करंट इंग्लिश’ या नावाने काढला. १९५२ पासून त्याच्या नावात ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द आला. दुसरी आवृत्ती १९६३ मध्ये आणि ए. पी. कावी यांच्या सहकार्याने झालेली तिसरी १९७४ मध्ये निघाली.

त्यांच्या अध्यापनविचारातील ‘प्रसंगाधिष्ठित पद्धत’ मात्र अधिक जागा मागते. १९५० साली आपल्या नियतकालिकातील लेखमालेतून त्यांनी ती मांडली. नवी वाक्यरचना आधी नियमाने समजावून मग उदाहरण देण्याऐवजी, वर्गात तसा प्रसंगच निर्माण करावा आणि त्या प्रसंगातून अर्थ आपोआप उमगू द्यावा, हे तिचे सूत्र. शिक्षक दाराकडे चालत जाता जाता ‘मी चालतो आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य उच्चारतो, दार उघडता उघडता त्याविषयी बोलतो. क्रिया चालू असतानाच वाक्य कानावर पडल्यामुळे चालू काळाचा अर्थ भाषांतरावाचून मुलाला कळतो. कोणत्या रचना आधी आणि कोणत्या नंतर, याचा काटेकोर क्रम या पद्धतीत शिक्षकाने बांधायचा असतो. स्वातंत्र्योत्तर भारतात ‘स्ट्रक्चरल ॲप्रोच’ म्हणजे रचनाधिष्ठित पद्धत या नावाने जे वारे आले, त्यामागे हाच विचार होता. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि देशभरच्या शिक्षकांना या पद्धतीचे प्रशिक्षण मिळू लागले. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, फळा आणि खडू एवढ्याच साधनांनिशी, स्वतः इंग्रजी क्वचितच बोललेल्या शिक्षकाने प्रसंग निर्माण करायचे, ही अपेक्षा पुष्कळ शाळांत पुरी झाली नाही, आणि जिवंत प्रसंगांऐवजी वाक्यांचे तक्ते पाठ करून घेण्यावरच काम भागले. हा दोष मूळ विचाराचा होता की अंमलबजावणीचा, याविषयी मतभेद आहेत. तथापि हॉर्नबी यांच्या मांडणीत शिक्षकाच्या भाषाप्रभुत्वाविषयी एक गृहीतक होते, आणि भारतीय खेड्यातील शाळेत ते टिकण्यासारखे नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

त्यांच्या कोशाच्याही मर्यादा आहेत. पंचवीस आराखड्यांचे क्रमांक शिक्षकाला उपयोगी पडले, पण विद्यार्थ्याला ते सांकेतिक लिपीसारखे वाटत. प्रस्तावनेतील कोष्टक पाहिल्याशिवाय त्यांचा उलगडा होत नसे आणि ते पाहण्याचा धीर थोड्यांनाच असे. अर्थ सांगतानाची इंग्रजी काही ठिकाणी मूळ शब्दाहून अवघड होती. या बाबतीत ढाक्यात शिक्षकांचे प्रशिक्षण करणारे मायकेल वेस्ट त्यांच्या पुढे होते. १९३५ सालच्या आपल्या लहान कोशात त्यांनी सुमारे दीड हजार सोप्या शब्दांतच सगळे अर्थ बसवले होते. बंगालमधील मुलांना वाचता यावे म्हणून वेस्ट यांनी शब्द कमी केले आणि जपानमधील मुलांना लिहिता यावे म्हणून हॉर्नबी यांनी शब्दाभोवतीची माहिती वाढवली. आजचे सर्व विद्यार्थिकोश या दोन्ही वाटांच्या संगमावर उभे आहेत. याखेरीज, साम्राज्य मावळताना इंग्रजीचे जगभर प्रस्थ टिकवण्याच्या ब्रिटिश धोरणाचा हॉर्नबी हे एक भाग होते, हा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. तो खोटा नाही. परंतु त्यांच्या कामाचा दर्जा आणि त्याची दिशा त्या धोरणाने ठरवलेली नव्हती. ओइतातील वर्गात ती आधीच ठरली होती.

या कोशाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्यातून मिळणाऱ्या मानधनाचा मोठा भाग वेगळा काढून हॉर्नबी यांनी १९६१ साली एक शैक्षणिक न्यास स्थापन केला. ज्या देशांतील विद्यार्थ्यांनी कोश विकत घेतला, त्या देशांतील शिक्षकांच्या शिक्षणासाठी तो पैसा परत जावा, अशी त्यांची इच्छा होती. आणि निरनिराळ्या देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये प्रगत अभ्यास करण्यासाठी या न्यासाकडून आजतागायत शिष्यवृत्त्या मिळत आहेत. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, हॉर्नबी यांचे निधन झाले.

चरित्राकडे वळण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. घरात किंवा जवळच्या ग्रंथालयात या कोशाची जी प्रत असेल, ती जुनी असली तरी चालेल, ती उघडून ‘सजेस्ट’ आणि ‘एक्सप्लेन’ या दोन नोंदी शेवटच्या उदाहरणापर्यंत वाचाव्यात, आणि मग पुस्तकाच्या आरंभीची, सहसा कोणी न उलटलेली, वापरासंबंधीची पाने पाहावीत. ओइतातील शिक्षकाची पहिली भेट तेथे होईल.